जुन्या पोर्टेबल टीव्हीचे आता काय करावे

पाच-साडेपाच इंची पडदा, वर ओढून लांब करायची अँटेना, एका बाजूला रेडिओची पट्टी आणि मागे बारा व्होल्टची पिन खुपसायचे भोक असलेला कृष्णधवल टीव्ही खान्देशातल्या अनेक घरांत आजही माळ्यावर किंवा शेतातल्या खोलीत पडून आहे. भारनियमनाच्या काळात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा हा संच घरातल्या मोठ्या टीव्हीपेक्षा जास्त कामाचा होता. आमचा संच गेल्या उन्हाळ्यात खाली काढला तेव्हा तो लागला, पडदा उजळला, पण त्यावर मुंग्यांखेरीज काहीच आले नाही. आजीने पदराने त्यावरची धूळ पुसली आणि अहिराणीत एवढेच विचारले, "आते येनं काय करानं?" हा प्रश्न अनेकांना पडत असल्यामुळे मला जे करून पाहता आले आणि जे करू नये असे अनुभवाने कळले, ते येथे क्रमाने मांडतो.

मुंग्या म्हणजे बिघाड नव्हे

पडद्यावर मुंग्या आणि स्पीकरमधून सूंऽऽ असा आवाज येत असेल, तर संच बिघडलेला नाही. त्याला पकडण्यासाठी हवेत काही उरलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. दूरदर्शनने १९८४ च्या सुमारास देशभर झपाट्याने लहान-मोठे प्रक्षेपक उभे केले आणि पुढची तीन दशके छपरावरची अँटेना किंवा संचावरची काडी त्यांच्याच लहरी पकडत राहिली. हे ॲनालॉग प्रक्षेपक पुढे टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. सुमारे ७० टक्के प्रक्षेपक बंद झाले असून उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील, सामरिकदृष्ट्या महत्त्वाच्या ठिकाणचे सुमारे ५० तेवढे चालू राहतील, असे प्रसार भारतीने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केले होते. केबलच्या वायरीतून थेट टीव्हीत जाणारे ॲनालॉग प्रक्षेपण त्याआधीच संपले होते. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर चार टप्प्यांत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. चार महानगरे आणि दहा लाखांवरची शहरे आधी झाली. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार यांसारख्या शहरांची पाळी तिसऱ्या टप्प्यात आली, त्याची वाढवलेली मुदत ३१ जानेवारी २०१७ रोजी संपली आणि खेड्यांची त्यानंतर दोन महिन्यांनी, ३१ मार्च २०१७ रोजी.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ऑनलाइन दुकानांत "डीव्हीबी-टी२" नावाचा छोटा डबा मिळतो आणि तो अँटेनाला जोडला की फुकट डिजिटल वाहिन्या दिसतात, असे त्याच्या वर्णनात लिहिलेले असते. युरोपात ते खरे आहे. भारतात दूरदर्शनने २०१६ च्या फेब्रुवारीत या पद्धतीचे प्रक्षेपण १६ शहरांत सुरू केले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई आणि औरंगाबाद ही दोनच होती. खान्देशातले एकही गाव त्या यादीत नव्हते. त्यामुळे हा डबा तापीकाठी आणून उपयोग नाही. आपल्याकडे जुन्या संचात चित्र आणायचे असेल तर ते वरून, म्हणजे उपग्रहावरून, किंवा केबलच्या बॉक्समधूनच आणावे लागते.

आधी संच तपासून घ्यावा

वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट भिंतीच्या प्लगमध्ये खुपसू नये. आतले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या नळ्या) न वापरता पडून राहिले की कमकुवत होतात आणि एकदम पूर्ण दाब मिळाला तर फुगतात किंवा फुटतात. जुने मेकॅनिक यासाठी सिरीज बल्ब वापरतात, आणि आजही त्याहून स्वस्त व भरवशाचा उपाय नाही. साध्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बमधून संचाला वीज द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही असे समजावे. तो पूर्ण तेजाने पेटूनच राहिला तर संच लगेच बंद करावा आणि मेकॅनिककडे न्यावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, तारेचाच बल्ब लागतो, आणि तो आता किराणा दुकानापेक्षा इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानात लवकर सापडतो. संच बारा व्होल्टवर चालणारा असेल तर ही कसरत करण्याचे कारण नाही, चांगला अडॅप्टर पुरेसा आहे. मागच्या कप्प्यात टॉर्चचे सेल राहिलेले असतील तर ते आधी काढावेत. गळलेल्या सेलचे पांढरे-हिरवे किटण स्प्रिंगवर साचलेले असते, ते व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घासावे.

संच लागला की पडद्याकडे नीट पाहावे. पूर्ण पडदा भरून मुंग्या आणि त्यासोबत आवाज असेल, तर वाहिनी पकडणाऱ्या ट्यूनरपासून चित्र दाखवणाऱ्या पिक्चर ट्यूबपर्यंत बहुतेक सर्व ठीक आहे. मुंग्यांऐवजी पडद्याच्या मधोमध एकच आडवी झगझगीत रेघ दिसली, तर चित्र उभे ताणणारा विभाग गेला आहे. अशा वेळी ब्राइटनेस ताबडतोब शून्यावर आणावा, कारण सगळी किरणशलाका एकाच रेषेवर पडत राहिली की तेथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा उजळणारा लेप, जळतो आणि मग दुरुस्तीनंतरही ती रेघ चित्रावर कायम दिसत राहते. आवाज आहे पण पडदा काळाच राहिला, तर ट्यूबला उच्च दाब मिळत नाही असे बहुधा निघते.

मागचे झाकण स्वतः उघडू नये, हे मी आग्रहाने सांगतो. लहान कृष्णधवल ट्यूबलाही काही हजार व्होल्ट लागतात, चौदा इंची कृष्णधवल संचात हा आकडा दहा हजारांच्या वर जातो आणि रंगीत संचात वीस हजारांच्या वर. प्लग काढल्यानंतरही ट्यूबच्या काचेवर हा भार बराच वेळ साठून राहतो. शिवाय ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते आणि तिची मान काचेच्या पेनाइतकी नाजूक असते. स्क्रू काढता काढता हात मानेवर आपटला तर काच बाहेर न उडता आधी आत खेचली जाते आणि मग उसळून चहूकडे फेकली जाऊ शकते.

चित्र आत कसे घालावे

आता मुख्य काम. डिश किंवा केबलच्या बॉक्समधून चित्र तीन मार्गांनी बाहेर पडते. पिवळी-पांढरी-लाल एव्ही (चित्र-आवाजाची) भोके, एचडीएमआय, आणि काही जुन्या बॉक्समध्ये "आरएफ आउट" नावाचे अँटेनासारखे भोक. आपल्या पोर्टेबल टीव्हीला आत जाण्याचे दरवाजे दोनच असतात, आणि अनेकांना तर एकच. नंतरच्या काळातल्या काही संचांच्या बाजूला एव्ही जॅक असतो. तो असेल तर पिवळी पिन चित्राला आणि पांढरी आवाजाला लावली की काम संपले. खिशात मावणाऱ्या एलसीडी टीव्हींना इयरफोनसारखा एकच लहान जॅक असतो, त्यात चित्र आणि आवाज वेगवेगळ्या कड्यांवर असतात आणि कड्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. चित्र न येता नुसता घुरघुराट आला तर वायर सदोष आहे असे मानण्याआधी पिवळी व पांढरी पिन अदलाबदल करून पाहावी.

एव्ही जॅक नसलेल्या संचाला आरएफ मॉड्युलेटर लागतो. हा काडेपेटीच्या दोन-तीन पटींचा डबा असतो. एका बाजूने बॉक्सची पिवळी-पांढरी वायर आत जाते आणि दुसऱ्या बाजूने टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जाणारी वायर निघते. आतमध्ये तो एक अगदी छोटा खाजगी प्रक्षेपक असतो, जो पूर्वी टेकडीवरून येणारा सिग्नल आता दोन हातांच्या वायरीतून देतो. बॉक्सलाच आरएफ आउट असेल तर हा डबा वेगळा घ्यावा लागत नाही. नवीन बॉक्सला फक्त एचडीएमआय असेल, तर मध्ये एचडीएमआयवरून एव्ही करणारा आणखी एक डबा लागतो आणि एकूण पसारा इतका वाढतो की एव्हीची भोके असलेला जुना बॉक्स शोधणे शहाणपणाचे ठरते.

मॉड्युलेटर घेताना माझी स्वतःची फसगत झाली, ती इतरांची होऊ नये म्हणून सांगतो. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तो मागवला, जोडला, ट्यूनिंगची चकती फिरवली आणि अर्ध्या मिनिटात स्वच्छ चित्र मिळाले, पण आवाज नाही. तीन दिवस मी संचाचा स्पीकर, आवाजाचे बटण आणि बॉक्सच्या वायरी तपासत राहिलो. दोष त्यांपैकी कशातच नव्हता. भारतातील टीव्ही पाल-बी/जी पद्धतीचे असतात. त्यांत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झ अंतरावर असते. माझा मॉड्युलेटर ब्रिटनच्या पाल-आय पद्धतीवर लावलेला होता, जिच्यात हे अंतर ६ मेगाहर्ट्‌झ असते. चित्र दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखे असल्यामुळे ते दिसत होते आणि आवाज शेजारच्या घरात ठेवून आल्यासारखा हरवला होता. मॉड्युलेटरच्या तळाशी बी/जी, आय, डी/के, एम अशी अक्षरे असलेली छोटी कळ असते किंवा डब्यातल्या कागदावर बटणे दाबून धरण्याची कृती दिलेली असते. ती बी/जीवर आणताच सूंऽऽ जाऊन बातम्या ऐकू आल्या. म्हणून खरेदी करण्यापूर्वी "पाल बी/जी" हे शब्द वर्णनात आहेत की नाहीत, हे पाहावे आणि नसतील तर तो घेऊ नये.

ज्यांच्याकडे परदेशातून आणलेला संच आहे, त्यांनी आधी त्या देशाची पद्धत पाहावी. आखातातून आणलेले संच बहुधा आपल्याच पद्धतीचे असतात. लंडनहून आलेल्या संचाला पाल-आय लागते आणि त्याला व्हीएचएफ पट्टा (१२ पर्यंतच्या चॅनलांचा) नसतो. अमेरिका किंवा जपानमधून आलेला संच ५२५ रेषांच्या एनटीएससी पद्धतीचा असतो. त्याच्यासाठी बॉक्सच्या मेनूमध्ये जाऊन एनटीएससी निवडावे आणि मॉड्युलेटर एमवर ठेवावा.

वायर जोडण्याबाबत थोडे सांगायला हवे. मोठ्या संचाला मागे दोन स्क्रू असतात, त्यांना पूर्वी चपटी दोनतारी वायर लागत असे. त्यांच्यावर गोल कोॲक्सियल वायर सरळ बांधू नये, मध्ये बलून म्हणतात तो छोटा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावावा, नाही तर चित्राला सावल्या पडतात. पाच इंची संचाला बाहेरच्या अँटेनासाठी बारीक जॅक असतो, तो शोधावा, बहुधा रबरी बुचाखाली लपलेला असतो. मॉड्युलेटरची वायर अँटेनाच्या काडीला गुंडाळूनही चित्र येते, पण मॉड्युलेटर मोठ्या अँटेनाला जोडून वाड्यातल्या सगळ्यांना चित्र दाखवण्याच्या मोहात पडू नये. परवान्याविना प्रक्षेपण केल्यासारखे ते होते.

चॅनल शोधण्याची कृती अशी. मॉड्युलेटरवर कोणता क्रमांक छापला आहे, हे पाहावे. ३ किंवा ४ असेल तर टीव्हीची पट्टी व्हीएचएफ-लोवर, ५ ते १२ असेल तर व्हीएचएफ-हायवर आणि २१ च्या पुढे असेल तर यूएचएफवर सरकवावी. मग चकती इतकी हळू फिरवावी की मुंग्या विरळ होताना दिसतील. चित्र वर किंवा खाली घसरत राहिले तर मागचे व्ही-होल्ड बटण किंचित फिरवावे. ते तासाभराने पुन्हा फिरवावे लागले तरी नवल मानू नये, संच तापला की त्याचे मन बदलते.

एव्ही जॅक नसलेल्या संचात मेकॅनिककडून एव्हीचे भोक बसवून घेण्याचा सल्ला काही जण देतात. बारा व्होल्टवर चालणाऱ्या संचात ते शक्य आहे. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या अनेक जुन्या संचांत मात्र चासीच, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, विजेच्या तारेला जोडलेली असते, म्हणजे चासी लाइव्ह असते. अशा संचाला पिवळी पिन लावली की बॉक्सच्या पत्र्यावर आणि डिशच्या खांबावरही वीज येते. अँटेनाचे भोक ट्यूनरच्या आत कॅपॅसिटरने वेगळे केलेले असते, म्हणून आरएफचा रस्ता जास्त सुरक्षित आहे. आपला मेकॅनिक ही गोष्ट न विचारताच चासीला पेचकस लावू लागला, तर संच उचलून घरी आणावा.

डिश

केबलचा बॉक्स घरात असेल तर हा भाग वगळता येईल. शेतातल्या खोलीत मात्र दूरदर्शनची डीडी फ्री डिश हाच सोपा मार्ग आहे. ही सेवा २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही, डिश आणि बॉक्स मिळून सुमारे दोन हजार रुपयांचा एकदाच खर्च येतो आणि सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. जळगावहून तो उत्तरेपासून सुमारे १३८ अंशांवर, तर नंदुरबारहून सुमारे १३६ अंशांवर पडतो. म्हणजे खान्देशात कोठूनही डिशचे तोंड नेमके आग्नेयेला असावे. क्षितिजापासूनची उंची ५७ ते ५८ अंश आहे. डिश ऑफसेट प्रकारची, म्हणजे बरीच उभी राहूनही वरून येणाऱ्या लहरी पकडणारी, असल्यामुळे ती इतकी आकाशाकडे पाहताना दिसत नाही. उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंश मागे कललेली दिसली की ती बरोबर उंचीवर असते. मोबाइलमधले होकायंत्र वापरताना ते डिशच्या पत्र्याजवळ धरू नये, चार पावले मागे उभे राहून दिशा ठरवावी.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना ॲनालॉग काळात डोंगराची फार अडचण होती. डिशला ती नाही, कारण डोंगर उत्तरेला आणि उपग्रह आग्नेयेला, तोही बराच उंच. धडगावसारख्या डोंगराआतल्या गावांतही ५७ अंशांवरचे आकाश मोकळे असते. अडथळा आणतो तो आग्नेयेचा कडुनिंब किंवा वाढलेली केळी. रावेर-यावलकडे लागवडीच्या वेळी बसवलेली डिश घड निसवण्याच्या सुमारास बंद पडली, तर तिच्यापुढची पाने पाहावीत.

बॉक्सच्या मेनूमध्ये दोन गोष्टी बदलाव्या लागतात. टीव्हीचा आकार ४:३ ठेवावा आणि पद्धत पाल निवडावी. १६:९ ठेवली तर माणसे लांबट दिसतात. पाच इंची पडद्यावर खाली सरकणाऱ्या बातमीपट्टीतली अक्षरे वाचता येत नाहीत, याला इलाज नाही. बॉक्सचे नाव-क्रमांक दाखवणारे मेनूही वाचता येत नाहीत, म्हणून पहिले वाहिनीशोधन घरच्या मोठ्या टीव्हीवर उरकून मग बॉक्स शेतात न्यावा.

बॅटरीवर चालवताना

पाच इंची कृष्णधवल संच सुमारे १२ वॉट खातो, बॉक्स एलएनबीसकट (डिशच्या तोंडापुढचा लहरी पकडणारा डबा) १० वॉटच्या आसपास आणि मॉड्युलेटर दोनेक वॉट. एकूण २४ वॉट धरले तर बारा व्होल्टवर दोन अँपिअर होतात. फवारणी पंपातली ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर साडेतीन तास, प्रत्यक्षात तीन तासांपेक्षा थोडी कमी चालते. पुष्कळ सेट टॉप बॉक्सही बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. अडॅप्टरवर तसे छापलेले असेल तर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही एकाच बॅटरीवर ठेवता येतात आणि इन्व्हर्टरची गरज राहत नाही.

संचाच्या मागे गोल भोकाजवळ अधिक-उणे दाखवणारे छोटे चित्र असते. मधली टाचणी अधिक की बाहेरचे कडे अधिक, हे त्यावरूनच कळते आणि जुन्या संचांत दोन्ही प्रकार आढळतात. अंदाजाने पिन लावू नये. जोडण्याआधी मल्टिमीटरने अडॅप्टर तपासावा, आणि संचाच्या पाठीवर पक्क्या शाईने खूण करून ठेवावी. ट्रॅक्टरचे इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या वर दाब जातो, त्यामुळे इंजिन बंद असतानाच संच जोडावा.

सौर पॅनेलबाबत सर्वांत जास्त चुका होतात. "बारा व्होल्टचे पॅनेल" या नावावर विसंबून संच थेट पॅनेलला लावला जातो. त्या पॅनेलवर भर उन्हात, भार नसताना, १८ ते २२ व्होल्ट असतात. चोपड्याजवळच्या एका शेतात असा जोडलेला संच माझ्याकडे आला तेव्हा आतल्या रेग्युलेटरचा (दाब आटोक्यात ठेवणाऱ्या भागाचा) काळा कोळसा झाला होता आणि सर्किटची पाटी त्याच्याभोवती तपकिरी पडली होती. पॅनेल, चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि मग टीव्ही, हाच क्रम ठेवावा. भुसावळ-जळगावकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या खोलीत संच दुपारी चालवू नये आणि वापरात नसताना तेथे ठेवूही नये.

टीव्ही पाहायचा नसेल तर

खरे बोलायचे तर एवढी जुळवाजुळव करून पाच इंची पडद्यावर मालिका पाहणारे थोडेच निघतील, कारण ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याला या संचाची गरज नाही. पण संचाचे दुसरे उपयोग आहेत. रेडिओ असलेल्या संचाचा रेडिओ आजही जसाच्या तसा चालतो, कारण आकाशवाणीचे मध्यम लहरी आणि एफएम प्रक्षेपण अजून बहुतांशी ॲनालॉग आहे. आमच्या संचावर आकाशवाणी जळगाव संध्याकाळी स्वच्छ लागते, आणि आजीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तेच ठरले.

दुसरा उपयोग गोठ्यातला. म्हैस व्यायला झाली की रात्री चार-पाच वेळा उठून पाहावे लागते. एक साधा वायरी कॅमेरा गोठ्यात आणि कृष्णधवल संच उशाशी ठेवला तर इंटरनेटशिवाय हे काम भागते. यात एक अडचण येते. हल्लीचे सीसीटीव्ही कॅमेरे एएचडी किंवा तत्सम नव्या पद्धतीचे चित्र देतात, ते जुन्या टीव्हीला कळत नाही आणि पडद्यावर तिरक्या रेघा दिसतात. कॅमेऱ्याच्या वायरीवर छोटी कळ असेल तर ती काही सेकंद "सीव्हीबीएस"च्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चित्राच्या, बाजूला दाबून धरावी, मग चित्र स्थिर होते. कॅमेरा निवडतानाच ही सोय आहे का, हे विचारावे. रात्रीच्या इन्फ्रारेड प्रकाशात कॅमेऱ्याचे चित्र एरवीही कृष्णधवलच असते, त्यामुळे आपल्या संचाचे काहीही बिघडत नाही.

जुने व्हिडिओ गेम, लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटचा प्लेअर, शाळेतल्या प्रदर्शनात रेषांनी चित्र कसे बनते ते समजावून सांगणे, हेही उपयोग आहेतच. गणपतीच्या मखरासाठी टीव्हीचे रिकामे खोके वापरणाऱ्यांनी आतली ट्यूब मेकॅनिककडून काढून घ्यावी आणि तिची विल्हेवाट पुढे सांगितल्याप्रमाणे लावावी.

भंगारात देताना

ज्यांचा संच पुन्हा लागणारच नाही, त्यांनी तो ठेवून घेऊ नये, पण दारावर हाक मारणाऱ्यालाही देऊ नये. मी एका भंगाराच्या वखारीत पाहिलेले सांगतो. संच काट्यावर ठेवण्याआधीच मुलाने झाकण काढले, हातोडीच्या एका फटक्याने ट्यूबची मान तोडली, हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज झाला आणि मग त्याने मानेवरचे योक, म्हणजे तांब्याच्या तारेचे कडे, ओढून काढले. त्याला हवे होते ते तांबे. उरलेली ट्यूब मागच्या नाल्याच्या काठावर गेली. तिच्या काचेत शिसे असते, मानेकडे विशेष, आणि पडद्याच्या आतल्या भुकटीत जस्ताची, काही वेळा कॅडमियमची संयुगे असतात. खिशातल्या एलसीडी टीव्हीच्या मागच्या बारीक दिव्यात पारा असतो. ही भुकटी श्वासात जाते आणि तिच्यापासून पहिला धोका त्या हातोडीवाल्या मुलालाच असतो.

ई-कचऱ्याचे सध्याचे नियम २०२२ चे असून ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. टीव्ही संच त्यांच्या यादीत येतात. उत्पादकावर जुन्या मालाची जबाबदारी आहे, पण आपल्या कृष्णधवल संचांच्या पुष्कळ कंपन्या आता बाजारातच नाहीत, त्यामुळे "कंपनीला परत द्या" हा सल्ला येथे उपयोगी पडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची माहिती असते आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही विचारता येते. जो कोणी संच नेतो म्हणेल, त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागावा आणि तो यादीशी ताडून पाहावा. नगरपालिका किंवा एखादे महाविद्यालय ई-कचरा गोळा करण्याचा दिवस ठेवत असेल तर तेथे द्यावा, मात्र गोळा केलेला माल पुढे कोणाकडे जातो हे विचारायला संकोच करू नये. एकट्या पाच इंची संचासाठी कोणी गाडी पाठवणार नाही. गल्लीतले चार-सहा संच, जुने मॉनिटर आणि बंद पडलेले बॉक्स एकत्र केले तर जळगाव किंवा धुळ्याहून कोणी तरी येतो, असा माझा अनुभव आहे.

संच कोणत्याही अवस्थेत द्यायचा झाला तरी तो अखंड द्यावा. सेल काढून घ्यावेत, घडीची अँटेना आत सारून चिकटपट्टीने बांधावी, अडॅप्टर वेगळा ठेवावा. वाहून नेताना संच त्याच्या मागच्या बाजूवर आडवा टाकू नये, कारण मागे फक्त पातळ प्लॅस्टिक आणि नाजूक मान असते. ट्यूबचे सगळे वजन पुढच्या जाड काचेत असते, म्हणून खोक्यात जुनी गोधडी दुमडून तिच्यावर संच पडद्याच्या बाजूने पालथा ठेवावा आणि खोक्याच्या चारही बाजूंवर "काच, पालथी" असे मोठ्या अक्षरांत लिहावे.